हरिश्चंद्रगडावर बावीस जणांचा तंबूमुक्काम: पहाटेचं काय करायचं?

टेकडीवाली
शुक्रवार, रात्री १०.४०

मंडळी, प्रश्न नाजूक आहे. जेवताना वाचू नका.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या ऑफिसातले बावीस जण हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं म्हणतायत. कोकणकड्यावर सूर्यास्त, तंबू, शेकोटी, गिटार, असा सगळा बेत. ठरवाठरवी माझ्या गळ्यात पडली आहे, कारण ऑफिसात "गडांवर जाणारी बाई" मी एकटीच. पुण्यातला एक आयोजक तंबू, दोन जेवणं आणि चहा धरून माणशी बाराशे सांगतोय. परवडतं. माझी अडचण पैशांची नाही.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही चार मैत्रिणी पायथ्याच्या पाचनई गावातून वर गेलो होतो. शनिवार होता. जेवण झाल्यावर पाय मोकळे करताना मी सहज तंबू मोजायला घेतले. एकशे बारापर्यंत आले आणि सोडून दिलं. तंबूत तीन माणसं धरली तरी तीनशेच्या वर झाली. पहाटे साडेपाचला जाग आली तर सगळ्या पठारावर विजेऱ्या हलत होत्या. क्षणभर छान वाटलं, दिंडी निघाल्यासारखं. मग लक्षात आलं की प्रत्येक विजेरी एकेका झुडपामागे जाऊन विझतेय.

मलाही जायचं होतंच. मी तयारीनिशी गेले होते. इंटरनेटवर वाचलं होतं की पाण्यापासून दोनशे फूट लांब जा, सहा ते आठ इंच खड्डा खणा, झालं की माती लोटा. पिशवीत बागेतलं खुरपं घेतलं होतं. पहिल्या जागी खुरपं दोन बोटं आत गेलं आणि टण्ण! खाली कातळ. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागी माती लागली, पण तिथे माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. ओल्या टिश्यूचा गोळा आणि वर कर्तव्य केल्यासारखा ठेवलेला एक दगड. चौथ्या जागेपर्यंत माझा धीर सुटला. मीही दगडच ठेवला.

परत येताना जे दिसलं ते डोक्यातून जात नाही. आदल्या रात्री जिच्याकडे आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली ती झोपडीवाली मावशी टाक्यातून हंडा भरत होती. आणि आम्ही सगळे जिकडे जाऊन आलो तो उतार थेट त्याच बाजूला येतो. चहा उकळतो हो, पण लिंबू सरबत कुणी उकळत नाही.

तर प्रश्न असा. बावीस जणांना घेऊन जायचं की नाही? जायचं तर पहाटेचं काय करायचं? "कचरा खाली आणा" हे सगळे सांगतात, आम्ही आणतोही. पण ह्या कचऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. ज्यांनी काही करून पाहिलंय त्यांनी सांगा.

---

सह्यपुत्र_८२
शुक्रवार, रात्री ११.१५

धागा वाचून आधी हसलो, मग नाही हसलो.

आम्ही ८० च्या दशकात जायचो तेव्हा पाच-सहा टाळकी असायची. तंबू कुणाकडे होता! देवळाजवळच्या लेण्यांत सतरंजी टाकायची. गडावर आमच्याखेरीज कुणी भेटलं तर नवल वाटायचं. परसाकडे कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता, कारण गड मोठा होता आणि आम्ही थोडे. पण आमचंही सगळं धुतल्या तांदळासारखं नव्हतं. सरपण म्हणून कारवी मोडायचो, वाळकी मिळाली नाही तर ओलीसुद्धा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. आम्ही म्हणायचो, मरणारच आहे, मग आपण जाळली तर काय बिघडलं? तीच कारवी कुडाच्या भिंतींना लागते, हे खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने ऐकवलं तेव्हा कळलं. "तुमी एका रातीत आमची एक भित जाळता," एवढंच म्हणाला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, म्हणून जास्त लागलं.

बावीस जण नेऊ नका हे माझं मत. देवळाच्या परिसरात गिटार तर नकोच नको.

---

कुंपणावरचा
शुक्रवार, रात्री ११.३२

एवढा विचार करायचा तर घरी बसा की. गावोगाव लोक शतकानुशतकं उघड्यावर बसले, सह्याद्री काही वाहून गेला नाही. शहरात तुम्ही फ्लश करता ते कुठे जातं? मुळा-मुठेतच ना? तिथे नदीत आणि इथे झुडपात, एवढाच फरक. उगाच अपराधीपणाची फॅशन.

---

टेकडीवाली
शनिवार, सकाळी ७.०५

कुंपणावरचे, मुळा-मुठेचं बोललात ते बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मुठेचं पाणी हंड्याने भरून मला कुणी सरबत करून देत नाही. इथे देतात, आणि मी पैसे देऊन पिते.

काका, तुमच्या भिंतीची गोष्ट रात्री नवऱ्याला वाचून दाखवली.

---

मातीपरीक्षक
शनिवार, सकाळी ९.२०

मृदाशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून खुरप्याबद्दल लिहितो. तुमचं खुरपं खोटं बोललं नाही.

सहा-आठ इंच खड्ड्याचा तो नियम अमेरिकेतल्या 'लीव्ह नो ट्रेस' वाल्यांचा. जिथे पानांच्या कुजक्या थराखाली खोल काळी माती आहे अशा जंगलात तो चालतो. मैला कुजवायचं काम मातीतले जीवाणू करतात. त्यांना माती लागते, ओल लागते, थोडी ऊब लागते. आपल्या घाटमाथ्यावर बेसॉल्टचं पठार आणि वर वीतभरसुद्धा नाही अशी माती. जिथे बऱ्यापैकी माती आहे तिथे झुडपं आहेत, आणि जिथे झुडपं आहेत तिथेच आडोशाला सगळे जातात. म्हणजे तीनशे माणसांचा भार पठारावरच्या मोजक्या तुकड्यांवर पडतो.

दुसरं, आपला तंबूचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा वर कोरडं आणि थंड. त्यामुळे मैला कुजत नाही, नुसता वाळतो. दगडाखाली ठेवला तर आणखी टिकतो, कारण ऊन लागत नाही. आणि मग जूनमध्ये घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा हंगामभराचं सगळं एकदम वाहायला लागतं. माणशी पाव किलो धरा. तुमच्या त्या एका शनिवारचं पाऊणशे किलो झालं. असे शनिवार किती ते तुम्हीच मोजा. केदारेश्वराच्या लेण्यापाशी वाहणारी मंगळगंगा पुढे पाचनईकडेच उतरते. गडावरची टाकी खोदली गेली ती पावसाचं पाणी जिरू न देता साठवण्यासाठी. जे येईल ते साठवतात, निवडून घेत नाहीत.

ओले टिश्यू हा वेगळा वैताग. बहुतेकांत प्लास्टिकचा धागा असतो. तो कुजत नाही, चिंध्या होऊन करवंदीच्या जाळीत अडकून राहतो.

कुंपणावरच्यांना एवढंच सांगतो: गावातले लोक पिढ्यानपिढ्या शेतात जायचे तेव्हा खाली फूटभर माती होती. फरक मातीचा आहे, नैतिकतेचा नंतर बघू.

---

नियमात_बसतंय_का
शनिवार, सकाळी १०.४८

थोडं रुक्ष, पण सांगायला हवं. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, अभयारण्य १९८६ पासूनचं. म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू. कलम २७ आणि २८ प्रमाणे अभयारण्यात प्रवेश आणि मुक्काम परवानगीने, हक्काने नाही. कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे. डिसेंबरात गडावरचं गवत कसं असतं ते आठवा आणि शेकोटी बेतातून काढा. "आयोजक सगळं बघतो" यावर विसंबू नका. परवानगीचा कागद दाखव म्हणा, बघा काय दाखवतो ते.

---

रूपकुंड_अर्धवट
शनिवार, दुपारी १.१०

मी २०१७ मध्ये बेदिनी बुग्याळला राहिलो होतो. हिमालयातलं ते गवताळ कुरण, आणि त्यावर रांगेत पिवळे-केशरी तंबू. शौचासाठी खड्डा खणून वर उभा तंबू लावत. आमच्या तळावरचा खड्डा तिसऱ्या गटाला पुरला नाही, मग शेजारी दुसरा. हंगाम संपेपर्यंत त्या कुरणाची चाळण होत असणार. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीचा मुक्कामच बंद केला.

निकाल वाचून मला बरं वाटलं होतं. मग आमच्या त्या वेळच्या खेचरवाल्याशी फोनवर बोललो. त्याची दोन खेचरं विकून झाली होती. "साहब, गंदगी करने वाले तो घर चले गए," म्हणाला. ते वाक्य अजून टोचतं. बंदी चूक होती असं मी म्हणत नाही. पण भुर्दंड कुणाला पडतो तेही बघावं लागतं.

अवांतर: एव्हरेस्टवर २०२४ पासून गिर्यारोहकांना स्वतःचा मैला पिशवीत घालून खाली आणावा लागतो. तिथे जमतं तर कोकणकड्यावर का नाही?

---

अकोल्याचा_भाचा
शनिवार, रात्री ९.५५

ताई, तुमचा धागा कुणीतरी आमच्या ग्रुपवर टाकला म्हणून इथे आलो. माझं आजोळ गडाच्या पायथ्याला. मामाची वर झोपडी आहे. तुम्ही जेवलात ती मावशी आमचीच असं नाही, पण तशीच एक माझी मामी आहे.

तुम्ही लोक येऊ नका असं कुणी आमच्याकडे म्हणणार नाही. पावसाळ्यात भात, वरई, नागली. ते घरात खायला पुरतं, विकायला नाही. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत जे चार पैसे येतात ते गडावरूनच. पोरांच्या फिया त्यातून जातात. तुमच्या बाराशेतले आमच्याकडे किती येतात ते सांगू? जेवण गावातून घेतलं तर घेतलं. हल्ली भाज्या चिरून पुण्यातूनच आणतात. तंबू त्यांचे, गॅस त्यांचा, स्वयंपाकी त्यांचा. आमची पोरं ओझं वाहतात.

कचऱ्याचं म्हणाल तर सोमवारी मामाचा पोरगा पोतं घेऊन फिरतो. बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, गॅसचे रिकामे डबे. दोन पोती पाठीवर टाकून खाली आणतो. पण ते दुसरं कोण उचलणार? त्याने उचलावं असं कुणाला वाटत असेल तर त्याने पहिलं स्वतः उचलून बघावं. एका ठिकाणी संडास बांधून दिले होते. पाणीच नाही. पाण्याचा हंडा डोक्यावरून आणायचा तो संडासात ओतायचा का भात शिजवायचा? कुलूप लागलं.

खरं सांगायचं तर आमची माणसंपण वर उघड्यावरच जातात. पण आम्ही दहा-पंधरा, आणि कुठल्या अंगाला जायचं ते ठरलेलं. पाण्याच्या अंगाला कुणी जात नाही. मामी नव्या सुनेला पहिल्या दिवशी टाकं दाखवते आणि दुसऱ्या दिवशी ती जागा. पाहुण्याला कुणी दाखवत नाही, कारण तुम्ही विचारत नाही आणि आम्हाला सांगायला लाज वाटते.

माझं ऐकाल तर वर राहू नका. पाचनईत घरात राहा. गावात घरोघर संडास आहेत, तिथं माती आहे. पहाटे चारला निघा, उजाडायच्या सुमाराला वर. सगळे सूर्य बुडताना बघायला धावतात, पण थंडीत सकाळी कोकण ढगाखाली असतं आणि कड्याची सावली त्या ढगावर पडते ती कुणी बघितलेलीच नसते. मावशीकडे वर न्याहारी करा, दुपारी उतरा. फक्त सूर्यास्त बघून अंधारात नवखी माणसं उतरवू नका. पाचनईच्या वाटेला कातळावर पाय सरकतो, तिथे हातपाय मोडून घेतलेले मी स्वतः झोळीतून आणलेत.

---

टेकडीवाली
रविवार, सकाळी ८.३०

भाचेराव, तुम्हीच खरं उत्तर दिलंत. "तुम्ही विचारत नाही" हे वाचून मान खाली गेली. दहा वर्षं गडांवर जातेय. रेंज कुठे मिळते हे विचारलंय, चार्जिंग कुठे मिळेल हे विचारलंय. हे एकदाही नाही.

आयोजकाला परवानगीचं विचारलं. "मॅडम, आपण नेहमीच जातो" एवढंच आलं. पाचनईत राहायचं आज ग्रुपवर टाकते. बोंब होणार.

मातीपरीक्षक, एक शंका. वाटेत कुणाला लागलीच तर?

---

मातीपरीक्षक
रविवार, सकाळी ११.००

रंगाचा घट्ट झाकणाचा दहा लिटरचा डबा न्या. गिरणीवरून भाताचं तूस आणा, पाचनईत फुकट मिळेल. तळाला चार बोटं तूस, प्रत्येक वेळेनंतर दोन ओंजळी वर. वास येत नाही, कारण तूस ओल शोषतं. आडोशाला जुनी साडी आणि दोन काठ्या. लघवी डब्यात नको, ती पाण्यापासून लांब मोकळ्या कातळावर चालेल. टिश्यू वेगळ्या पिशवीत.

---

टेकडीवाली
तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०.१५

जाऊन आलो. वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण देते.

बावीसचे आठ राहिले. "तंबू नाही तर काय मजा", "घरात झोपायचं तर पुण्यात काय वाईट आहे", आणि एकाने सरळ "मी डब्यात बसणार नाही" असं लिहिलं. त्याच्या लग्नात मी हे वाचून दाखवणार आहे. उरलेल्यांत आमचे साहेब होते, वय पंचावन्न, जे येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

पाचनईत भाचेरावांच्या ओळखीतल्या एका काकूंकडे राहिलो. नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ओसरीवर आठ गोधड्या. पहाटे चारला निघालो. डबा मी पाठीला बांधला होता, वर पिवळी साडी गुंडाळलेली. अंधारात मागचा म्हणाला, कुणाची वरात आहे का. थंडी इतकी की बोटं काठीवरून सुटेनात.

कड्यावर पोचलो तेव्हा तंबूवाल्यांच्या विजेऱ्या झुडपांकडे चाललेल्या होत्या. आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. सावलीचं मात्र शंभर टक्के खरं. ढग खाली सपाट पसरलेला, आणि त्यावर कड्याची निळसर कड, अगदी आखल्यासारखी. पंधरा-वीस मिनिटांत आक्रसत गेली. फोटोत काहीच आलं नाही.

आणि मग साहेबांना लागली. पिठलं रात्री दोनदा घेतलं होतं त्यांनी. मी काही न बोलता डबा पुढे केला. पाच मिनिटं पिवळी साडी वाऱ्यावर फडफडत होती आणि आम्ही सातजण कोकणाकडे तोंड करून अतिशय मन लावून निसर्ग बघत होतो. साहेब परत आले, झाकण दाबून बघितलं, आणि म्हणाले, "हा डबा खाली मी नेणार. माझा आहे." उतरताना दोघांनी मागितला तर दिला नाही. कातळाच्या वाटेवर मी पुढे, मग साहेब, मग बाकीचे.

खाली आल्यावर मी डबा काकूंच्या संडासात ओतायला निघाले तर त्या हातातलं टाकून धावत आल्या. "अगं बाई, तूस भांड्यात टाकतेस? तुंबलं म्हंजे काढायला कोन येनार, तुजा सायब?" साहेब मागेच उभे. मग काकूंनी बांधाकडच्या आंब्याखाली जागा दाखवली आणि कुदळ साहेबांच्या हातात दिली. फूटभर काळी माती, एकदाही टण्ण झालं नाही.

काकूंनी डबा धुऊन ठेवून घेतला. बी-बियाणं ठेवायला बरा आहे म्हणाल्या. मी नको नको म्हटलं, साहेबांनी तर हातच जोडले. त्या म्हणाल्या, राखेनं घासते ना, मग?